कंपनीच्या मॅडमचा फोन

अक्षदाने एंटर दाबलं आणि तिचा प्रश्न वैभववाडीहून सुटला. कणकवलीचा बाजार मागे टाकून, कसालचा तिठा न थांबता ओलांडून, मालवणच्या तारांवरून धावत तो तारकर्लीच्या एका माडांशेजारच्या घरात शिरला आणि उत्तर घेऊन परतही आला. एवढ्यात डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. एस.टी.ला हाच रस्ता कापायला अख्खी सकाळ लागते, आणि वाटेत ड्रायव्हरची सासुरवाडी असली तर दुपारही.

पडद्यावर उत्तर बसलं होतं. शून्य.

"झोपले?" पलीकडच्या टेबलावरून यतीनने विचारलं.

"झोपले," अक्षदा म्हणाली.

"तुमच्या तारकर्लीचे उपग्रह तब्येतीने राहतात हो. जेवले की आडवे."

यतीन हा तिचा वरिष्ठ. वरिष्ठ म्हणजे फार नव्हे, त्याच्या खुर्चीला हात होते आणि तिच्या खुर्चीला नव्हते, इतकाच. दोघं ज्या कंपनीत होते ती समुद्र मोजायची. वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंत किनाऱ्यावर तिची यंत्रं बसवलेली होती. कुठलं भरती मोजायचं, कुठलं वारा, कुठलं लाटेची उंची. मोजणं सोपं होतं, अडचण वेळेची होती. एक यंत्र म्हणायचं लाट आत्ता आली, दुसरं म्हणायचं मघाशीच येऊन गेली, आणि अशा दोन साक्षीदारांच्या भांडणात खरी लाट फुकट जायची. म्हणून सगळ्यांना एकच वेळ वाटणारं एक यंत्र कंपनीने आणलं. ते आभाळातल्या उपग्रहांकडून वेळ घ्यायचं आणि तारेवरून सगळ्यांना वाढायचं, पंगतीत भात वाढावा तसं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. त्याला उघडं आभाळ हवं होतं म्हणून ते तारकर्लीला बसलं. कचेरी मात्र वैभववाडीला, रेल्वे स्टेशनच्या वाटेवर, कारण खारं वारं कंप्युटर खातं. आधी कडेने, मग मधून, भाकरी खावी तसं.

त्या यंत्राची लांबून विचारपूस करायची हे अक्षदाचं काम. या विचारपुशीच्या रीतीला एसएनएमपी म्हणतात. तिच्यात तीनच गोष्टी. यंत्राला विचारायचं, यंत्राला सांगायचं, आणि त्याचं काही दुखलं-खुपलं तर ते आपणहून हाक मारतं, ती ऐकायची. रीत मात्र मोठी कडक. प्रत्येक प्रश्नाला आकड्यांचा लांबलचक पत्ता. झाडाच्या बुंध्यापासून निघायचं, टिंब देत देत फांदीवर, फांदीवरून डहाळीवर, आणि अगदी शेवटच्या पानावर आपला प्रश्न: बाबा रे, उपग्रह किती दिसतात? मधलं एक टिंब राहिलं की यंत्र मुकं.

नवी माणसं या पत्त्यांना वैतागायची. अक्षदाला ते चार दिवसांत आलं. कारण यतीनला कधी कळलं नाही, पण तारकर्लीच्या कुणालाही कळलं असतं. तिचे वडील आबा देवळात गाऱ्हाणं घालत. सगळ्या वाडीच्या वतीने देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा, असा तो प्रकार. त्यातही थेट मागून चालत नाही. आधी सीमेवरचे देव, मग वाटेवरचे, मग वाडीतले, आणि सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर शेवटी, बाबा रे, अमक्याची होडी सुखरूप येऊ दे. मधला एक देव राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. परकराच्या वयापासून हे ऐकलेल्या मुलीला टिंबांचं काय भय?

तिने फोन उचलला. हा नंबर तिला बघावा लागत नसे.

"नमस्कार. कंपनीतून बोलतेय," ती म्हणाली. "आपल्याकडच्या यंत्राला आभाळ दिसत नाहीये."

"असं का?" पलीकडून आबा म्हणाले. "बघतो मॅडम."

"जिना सावकाश चढा. म्हणजे, यंत्राच्या दृष्टीने घाई नाही."

"जिन्याचं काही नाही. गुडघा जरा कुरकुरतो."

"औषध घेता का? यंत्राजवळच्या माणसाची तब्येत कंपनीला ठाऊक असावी लागते."

"उंडीचं तेल लावतो. तसं कंपनीला कळवा."

"आणि जेवण झालं?"

"हेसुद्धा कंपनीला लागतं?"

"लागतं."

"पेज," आबा म्हणाले. "आणि सुका बांगडा."

यतीनने कागदात डोकं घातलं. तो हसत होता की नाही हे त्याच्या खांद्यांवरून समजत नव्हतं.

बाप-लेकीने एकमेकांना मॅडम आणि आपण म्हणायची वेळ का आली, त्याची हकिगत तारकर्लीत आजही निरनिराळी सांगतात. सगळ्यांत समान भाग एवढा. अक्षदाने वैभववाडीच्या ओमकारशी लग्न ठरवलं तेव्हा आबांना ते रुचलं नाही. मुलगा चांगला होता, घरी भात होता, काजू होते, पण ज्या गावातून समुद्र दिसत नाही तिथे माणसं जगतात कशी, हा आबांचा जुनाच प्रश्न होता. "जेका पवाक येणा नाय, तो माझ्या चेडवाक काय तारतलो?" असं ते पोहता न येणाऱ्या जावयाबद्दल बंदरावर बसून म्हणत. शेवटी त्यांनी देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. पाकळी डावीकडून पडली. बघणारे सांगतात, ती निघाली होती उजवीकडेच, पण आबांचं तोंड दिसलं आणि तिने वाट बदलली.

अक्षदाने तरीही लग्न केलं. नोंदणी कचेरीत, टेबलापाशी, सह्या करून. पुढच्या सोमवारी आबा देवळात गाऱ्हाण्याला उभे राहिले. सीमेवरचे देव झाले, वाटेवरचे झाले, होड्या झाल्या, जाळी झाली, आणि त्याच सुरात, तसूभर न बदलता, आबा म्हणाले, की आजपासून मी माझ्या अक्षदाशी एक शब्द बोलणार नाही रे म्हाराजा. वाडीला सवय. सूर आला की तोंड उघडतं. सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

म्हणून झाल्यावर लोकांना समजलं की आपण काय म्हटलं. पण तोवर ते देवाकडे पोचलं होतं. एकट्याने घेतलेली शपथ एकट्याला मोडता येते; वाडीने दुजोरा दिलेलं गाऱ्हाणं मोडायचं कुणी? त्या दिवसापासून अक्षदाचा फोन आला की आबा आवाज ओळखत आणि रिसीव्हर खाली ठेवत. आपटत नसत, ठेवत. अंडं ठेवावं तसा.

कंपनीला जागा हवी होती तेव्हा तारकर्लीतल्या आबांच्या गच्चीचं नाव अक्षदानेच सुचवलं होतं. यतीन स्वतः जाऊन आबांशी बोलला. "कंपनीचा यंत्र ठेवतंय," आबांनी अट घातली, "पण कंपनीची माणसा माझ्या घराण्यातली नको." यंत्र माजघरात बसलं आणि त्याची आभाळाकडे बघायची पांढरी टोपी, उपड्या वाटीएवढी, गच्चीत एका दांड्यावर उभी राहिली.

पहिली हाक खरीच होती. चैत्रात वावटळ आली. शेजारच्या प्रेमलता काकीने आबांच्या गच्चीत कोकमाची सोलां वाळत घातली होती. त्यांच्याखालचं प्लास्टिक उडालं आणि टोपीला गुंडाळून बसलं. वैभववाडीला पडद्यावर लाल अक्षरं उमटली. यतीन बाहेर गेला होता. अक्षदाला फोन करणं भाग होतं. वाजता वाजता फोन उचलला गेला, आणि आता तो अंड्यासारखा खाली ठेवला जाणार या भीतीने तिच्या तोंडून निघून गेलं, "नमस्कार, कंपनीतून बोलतेय."

पलीकडे माडांचा आवाज येत राहिला. मग ज्या माणसाने सरकारी साहेबालासुद्धा मालवणीतच सुनावलं होतं, त्याने तालुका कचेरीत वापरायची ती इस्त्रीची मराठी कुठल्याशा ट्रंकेतून काढली, झटकली आणि अंगात घातली.

"बोला मॅडम," आबा म्हणाले.

कंपनीच्या मॅडमशी बोलणार नाही, असं गाऱ्हाण्यात कुठे होतं?

त्यानंतर मात्र उपग्रह वरचेवर दिसेनासे होऊ लागले. आणि आज, गुडघ्याची नि बांगड्याची नोंद कंपनीने घेतल्यावर, थोड्या वेळाने आभाळ परत आलं तेव्हा यतीन खुर्ची ओढून तिच्याजवळ आला. आता तो हसत नव्हता.

"वरून विचारणा झाली," तो म्हणाला. "बाकीच्या यंत्रांची वेळ दर दुपारी सरकायला लागते. मी सांभाळून घेतलं आतापर्यंत. पण हे असंच चाललं तर पावसाळ्याच्या आत यंत्र वेंगुर्ल्याला हलवायचं ठरतंय."

"आभाळ नसलं तरी ते वेळ धरून ठेवतं की."

"आठवणीवर. आठवणीवर किती दिवस काढणार?"

अक्षदाने मान हलवली आणि पडद्याकडे तोंड फिरवलं. यंत्र वेंगुर्ल्याला गेलं, की तारकर्लीला फोन करायला कारण उरणार नव्हतं. कारण नसलेला फोन आबा कसा ठेवतात, ते तिला चांगलं माहीत होतं.

ती कामाला लागली. यंत्राला लांबून जे जे विचारता येतं ते सगळं तिने विचारलं. तुझं अंग तापतं का? नाही. टोपीपर्यंत वीज पोचते का? पोचते. तार कुठे तुटली, कुरतडली आहे का? नाही. तिने त्याला इथूनच बंद करून पुन्हा चालू केलं, झोपलेल्याला हलवावं तसं. ते उठलं, सगळं ठीक आहे म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा शून्यावर आलं. वीज ठीक, तार ठीक, अंग ठीक. फक्त आभाळ नाही. म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता. बिघाड यंत्र आणि आभाळ यांच्या मध्ये कुठेतरी होता, आणि तिथे एसएनएमपीचा हात पोचत नाही.

तिने प्रेमलता काकीला मोबाईल लावला. काकीला तो लेकाने नवाच घेऊन दिला होता आणि ती त्यात समुद्रापलीकडे ऐकू जाईल इतक्या जोराने बोलायची.

"काकी, गच्चीर काय वाळत घातलंस?"

"सोलां. आणि काय घालतलंय, शालू?" काकी म्हणाली. "फोन केलंस ता बरा केलंस. माझो तोप खंय असता ता तुझ्या बापाशीक विचार."

"कसलो तोप?"

"अगो, भात शिजवूचो, अल्युमिनचो. बारशाच्या जेवणाचो. दुपारी मी जरा पाठ टेकतंय, आणि हे तोप काखेत मारून गच्चीर. मी म्हटलंय, आबानू, वर भात शिजवतास? तर म्हणतत, यंत्रार कावळे बसतत, तेंनी घाण करूक नको, म्हणान झाकून ठेवतंय. आता माका सांग, कावळो बसलो म्हणान यंत्र काय गाभण रवता?"

अक्षदा खळखळून हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. यतीनने मान वर करून बघितलं. बापाची माया ती अशीच असायची. लहानपणी पावसात भिजू नये म्हणून त्यांनी तिला एकदा माशाची टोपली पालथी घालून शाळेत पाठवलं होतं. वासामुळे शाळेने तिला पुढे आठवडाभर खिडकीशी बसवलं.

तिने लगेच तारकर्लीला फोन केला. "कंपनीतून बोलतेय. यंत्राच्या टोपीवर काही झाकू नये, भांडं वगैरे. पत्र्यातून, अल्युमिनियममधून उपग्रह दिसत नाहीत."

"भांडं?" आबा म्हणाले, जणू हा शब्द त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकला. "बरं मॅडम. सूचना लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी शून्य.

या वेळी तिला हसू आलं नाही. सांगूनही ऐकायचं नाही, ही आबांची रग तिला लहानपणापासून पाठ होती. आपल्याच हाताने आपला दोर कापायचा आणि वर कावळ्याचं नाव घ्यायचं. तिने फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. आधी पुरावा काढावा, मग मॅडमच्या आवाजात चांगलं खडसवावं, असं ठरवून तिने यंत्राने आजवर मारलेल्या सगळ्या हाका पडद्यावर मांडल्या. वर चैत्र, खाली आजचा दिवस. आणि वाचता वाचता तिचं बोट एका जागी थांबलं.

रविवारी एकही हाक नव्हती. एकाही रविवारी. कचेरी बंद असते हे खरं, पण कावळ्यांना कुठे सुट्टी असते?

तिने पुन्हा वरून बघितलं. मध्ये एकदा तारकर्लीची लाईट गेली होती आणि तिने सकाळीच फोन करून यंत्राची बॅटरी विचारली होती. त्या दुपारी आभाळ साफ. आणखी एकदा, तिने सकाळीच कसल्याशा तपासणीचं निमित्त काढलं होतं. त्या दुपारीही साफ. मग एक दिवस असा, की आभाळ गेलं, आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. संध्याकाळपर्यंत नुसती येरझार. तो दिवस तिला आठवला. सासरी काजू वेचायला माणूस कमी होतं म्हणून तिने रजा घेतली होती.

"यतीन," तिने विचारलं, "मी रजेवर होते त्या दिवशी तारकर्लीला फोन तुम्ही केला होता?"

"केला म्हणजे? दिवसभर तेवढंच केलं," यतीन म्हणाला. "दर वेळी म्हातारा म्हणे, बघतो. बघितलं की यंत्र ठीक. मी फोन ठेवला की पुन्हा गुल. शेवटी मलाच विचारतो, कंपनीने माणूस बदलला काय? मी म्हटलं, मॅडम रजेवर आहेत, उद्या येतील. त्यावर म्हणे, मग उद्या बघू. आणि यंत्र तेव्हापासून रात्रभर शहाण्यासारखं वागलं."

अक्षदाने मान डोलावली. उठून ती माठापाशी गेली, पेला भरला आणि न पिता तशीच उभी राहिली. बाहेर मडुऱ्याकडे जाणारी गाडी शिटी देऊन गेली. भिंतीपलीकडे कुणीतरी चहाचे पेले विसळत होतं. तिने भरलेला पेला माठावर झाकणासारखा ठेवायचा प्रयत्न केला, पाणी हातावर सांडलं, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण काय करतोय.

दुखऱ्या गुडघ्याने जिना चढायचा, तोप ठेवायचा, खाली यायचं, फोनपाशी बसायचं. फोन आला की इस्त्रीची मराठी बोलायची. मग पुन्हा जिना चढायचा, तोप काढायचा, खाली यायचं. रोज.

ती जागेवर आली. दोन वाटा होत्या. एक सोपी. यंत्राला लांबूनच सांगता येत होतं, की आभाळ गेलं तरी तास-दोन तास कळ काढ, लगेच ओरडू नकोस. मग वरच्यांना कळलं नसतं, आणि मॅडम नि आबांचा व्यवहार असाच चालू राहिला असता. तिने तो हुकूम टिंबाटिंबासह लिहिलासुद्धा. एंटरवर बोट ठेवलं. पण बाकीच्या यंत्रांची वेळ सरकतच राहिली असती, आणि जिना तोच, गुडघा तोच. तिने उलट्या बाजूने एकेक अक्षर पुसलं.

दुसरी वाट अवघड होती, आपल्या नावाने फोन करायची. तीत आबांनी रिसीव्हर खाली ठेवला तर मागचंही गेलं. तुमची लबाडी मला कळली, हे एकदा कळवल्यावर पुन्हा मॅडम कोण होणार आणि बोला कोण म्हणणार?

त्या दिवशी मॅडमने फक्त आभाळ विचारलं आणि फोन ठेवला. गुडघा नाही, जेवण नाही. तिला रात्रभर ते लागून राहिलं.

सकाळी आल्या आल्या तिने प्रश्न पाठवला. उत्तर आलं. आभाळ भरलेलं होतं. पडद्यावर उपग्रह असे दाटीने बसले होते, जसे जत्रेत दशावताराच्या पुढ्यात लोक. बिघाडाचं नावनिशाण नव्हतं. तिने नंबर फिरवला.

"हॅलो," आबा म्हणाले.

"आबा, मी अक्षदा."

माडांचा आवाज. कुठेतरी कोंबडा, अवेळी.

"यंत्र व्यवस्थित आहे मॅडम," आबा घाईने म्हणाले. "आज अजून कुणी काही... म्हणजे आज कावळे नाहीत."

"माका दिसता हयसून," ती म्हणाली. "सगळा बरा आसा. मी यंत्रासाठी फोन करूक नाय."

 मग रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज आला. हलका, अंडं ठेवल्यासारखा. अक्षदाने डोळे मिटले आणि फोन कट झाल्याची ती लांब शीळ यायची वाट बघितली. शीळ आली नाही. पावलं लांब गेली. दार करकरलं. आणि दूरवरून, अंगणातून, आबांचा आवाज आला.

"गो प्रेमलता. हंय ये."

"तोप देतास?"

"तोप मगे. आदी हंय उबी रव. गाऱ्हाणा घालूचा आसा."

"आता? परसात? देवळाक जावक काय झाला?"

"फोन धरून ठेवलो आसा. तू फक्त व्हय म्हण."

"आदी काय म्हणतास ता सांगा," काकी म्हणाली. "मागच्या खेपेक न ऐकता म्हटला, ता आजून निस्तारतंव."

आबांनी खाकरून घसा मोकळा केला. मग त्यांचा तो सूर उठला, जो वाऱ्यावरून मोरयाच्या धोंड्यापर्यंत ऐकू जातो असं मालवणात सांगतात. तारेतून मात्र तो बारीक होऊन येत होता. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाली.

सीमेवरचे देव झाले. वाटेवरचे झाले. वाडीतले झाले. आबांनी एकही गाळला नाही. अक्षदा ओठांनी त्यांच्यामागून चालली होती.

"तुझ्या ह्या लेकरान रागाच्या भरात तुझ्यासमोर जा काय वाकडा बोलला, आणि वाडयेन कान न देता जेका व्हय म्हटला..."

"व्हय म्हाराजा. खरा आसा ता."

"...ता सगळा पोटात घाल रे म्हाराजा. पाकळी खयसून पडली ती तुका ठावक, माका ठावक. तेची चर्चा आता नको."

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाली, जरा जास्तच जोराने.

"आणि बोलाक वाट करून दी रे म्हाराजा."

वैभववाडीच्या कचेरीत अक्षदाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

यतीनने मान वर केली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, जिथे सगळं ठीक होतं, आणि नुकताच प्यालेला चहा पुन्हा प्यायला तो उठून बाहेर गेला.

दार करकरलं. पावलं जवळ आली. रिसीव्हर उचलला गेला. एवढा मोठा गाऱ्हाण्यांचा माणूस, पण पहिला शब्द त्याला सापडत नव्हता.

"आसस मां?" शेवटी आबा म्हणाले.

"आसंय."

"हं. तुझो घो मासे खाता मां?"

"खाता," अक्षदा म्हणाली. डोळे पदराने पुसावेत तर ड्रेसला पदर नव्हता. तिने बाहीने भागवलं. "पण काटे काढूक जमणा नाय तेका. बांगडो खाताना रडाक येता."

"बांगड्यान कोण शिकवता गो?" आबा चिडले. मनापासून चिडले, कितीतरी वर्षांनी. "भुरग्याक कोण आदी बांगडो देता? सरंग्यान सुरवात करूची. मदी एकच काटो, तो काढलो की झाला."

"आबा, वैभववाडीक सरंगो खंय गावतलो?"

"नाय गावणा," आबा म्हणाले. पलीकडे रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याचं ऐकू आलं.

"मगे? येतास कदी दोगांय?" ते म्हणाले.